पठाण डॉक्टरांचा नकाशा

पठाण डॉक्टर बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत, दातांकडे बघत. नवख्या माणसाला ते विचित्र वाटे. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत ते पहिल्यांदा आले तेव्हा मी हसून "बसा" म्हटलं, तर उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, तुमी डोंगराकडच्या न्हाई. गोदाकाठच्या का?" मी खरोखरच गेवराईकडची. राग यावा की हसू, मला कळेना.

ते गुरांचे डॉक्टर होते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावं त्यांच्याकडे. उंच, थोडे वाकलेले, सदऱ्याला कायम गोठ्याचा वास. त्या दिवशी ते एका गावाबद्दल विचारायला आले होते. तिथल्या तरण्या गाई लंगडत होत्या, दात झिजलेले, दातांवर तपकिरी पट्टे. औषधाने फरक पडत नव्हता. आणि गोठ्यात गाय धरून उभ्या असलेल्या पोरांचे दातही तसेच.

"जनावर खोटं बोलत न्हाई, मॅडम. मानूस म्हनतो, आमच्या घरान्यातच असे दात हायेत. गाय कुटं घरानं सांगती?"

त्यांना त्या गावच्या बोअरचे आमच्याकडचे अहवाल हवे होते. मी नियम सांगितला. दुसऱ्या खात्याला माहिती द्यायची तर वरून पत्र लागतं. त्यांनी मान हलवली. "लिवतो पत्र. पन गाय पत्राची वाट बघत न्हाई, एवढं ध्यानात असू द्या."

परवानगी यायला पावसाळा गेला, हिवाळा गेला. मधल्या काळात ते बाजारच्या दिवशी येऊन बसायचे, चहा घ्यायचे, कधी तक्रार करायचे नाहीत. मॅडमची ताई कधी झाले, माझ्या लक्षातही आलं नाही.

आमच्या अहवालांत त्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असल्याचं दर वर्षी लिहिलेलं होतं. खोल खडकातून ते पाण्यात उतरतं. आधी पोरांच्या दातांवर दिसतं, मग वर्षानुवर्षांनी गुडघे आणि पाठ धरतं. सरकारी रुग्णालयातल्या दाताच्या डॉक्टर साळवेबाईही शाळेतल्या पोरांचे दात तपासून दर वर्षी लिहीत होत्या. दोन्ही कागद आपापल्या खात्यातून वर जात. ते शेजारी शेजारी कुणी ठेवलेच नव्हते.

पठाण डॉक्टरांनी साळवेबाईंनाही बोलावून घेतलं, माझ्या टेबलावर तालुक्याचा नकाशा पसरला आणि बाजारातून आणलेली टिकल्यांची पाकिटं काढली. लाल टिकली खराब पाण्याला, हिरवी पोरांच्या दातांना, काळी गुरांना. आम्ही तिघं दुपारभर टिकल्या लावत होतो. संध्याकाळी बघितलं तर डोंगराच्या कडेकडेने तिन्ही रंग एकमेकांना चिकटून बसलेले.

साळवेबाई म्हणाल्या, "हे आपल्याला आधीच दिसायला हवं होतं."

"दिसत होतं की," डॉक्टर म्हणाले. "तीन ठिकानी थोडं थोडं."

मला वाटलं, आता काम होईल. डॉक्टर नकाशा गुंडाळून कार्यालयं फिरू लागले. पाण्याचं खातं म्हणालं, आजार आमचा विषय नाही. आरोग्याचं खातं म्हणालं, पाणी आमचा विषय नाही. त्यांच्या स्वतःच्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही गुरांचं बघा ना, माणसांत कशाला शिरता?" प्रत्येक वेळी ते परत येऊन पंख्याखाली नुसते बसून राहत. एकदा म्हणाले, "जनावरांनी मला कदी दमवलं न्हाई ताई. टपालानं दमवलं."

त्या थकव्यातच त्यांनी एका वार्ताहराला नकाशा दाखवला. आम्हा दोघींना विचारलं नाही. दोन दिवसांनी बातमी आली. गावाचं नाव ठळक, खाली एका पोराचा तोंड उघडलेला फोटो. आठवड्यात गावात टँकर आला, अधिकाऱ्यांच्या गाड्या आल्या. वर्षानुवर्षं जे होत नव्हतं, ते झालं. आणि त्याच आठवड्यात गावातल्या रामकिसनच्या मुलीची, पूजाची, ठरलेली सोयरीक मोडली. पाहुण्यांनी निरोप पाठवला : त्या पाण्याची पोरगी नको, उद्या हाडं धरली तर?

हा रामकिसन म्हणजे ज्याच्या गाई सगळ्यात आधी डॉक्टरांनी तपासल्या, तोच. त्यानंतर गावाने डॉक्टरांना बोलावणं बंद केलं. गाय अडली तरी दुसऱ्या तालुक्यातून खाजगी माणूस आणायचे. तरी डॉक्टर निघाले. मला म्हणाले, "चला संगं. एकट्याला पाय उचलत न्हाई."

रामकिसनने आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. टँकरचं होतं. मग म्हणाला, "सायेब, तुमी खोटं लिवलं असं मी म्हनत न्हाई. पन आमचे दात, आमची गुरं, आमचं पानी. छापायच्या आदी आमाला इचारलं व्हतं का?"

"न्हाई इचारलं," डॉक्टर म्हणाले.

"मग?"

"चुकलो, रामकिसन."

त्यांनी सबब सांगितली नाही. थांबलेल्या टपालाची नाही, आलेल्या टँकरची नाही. आत पूजा चुलीपुढे बसली होती, तिने एकदाही बाहेर बघितलं नाही. परतताना डॉक्टरांनी घाटात गाडी थांबवली आणि दगडावर बसून राहिले. मीही बसले. 

त्यानंतर त्यांनी रीत बदलली. कुठल्याही गावाचं पाणी, दात, गुरं यांचं जे काही हाती येईल, ते वर पाठवण्याआधी गावातच सांगायचं. ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, बायकांनाही बोलावून. "ज्याची म्हाईती त्याला आदी," असं म्हणायचे. काही गावांनी हाकलून दिलं. काहींनी ऐकलं. रामकिसनच्या गावात मात्र ते तीन वेळा गेले तेव्हा कुठे सभा भरली. सभेत एक म्हातारा म्हणाला, बोअर व्हायच्या आदी आमी आडाचं पानी पेत होतो, तवा असं कुनाचं नव्हतं. आम्ही त्या जुन्या आडाचं पाणी तपासलं, चांगलं निघालं. गावाने गाळ काढला, आड झाकला आणि बोअरचं पाणी धुण्याभांड्यापुरतं ठेवलं. सरकारने शुद्धीकरणाचं यंत्रही बसवलं होतं. ते वीज तोडल्यावर बंद पडलं, ते अजून बंदच आहे.

पूजाचं लग्न दोन वर्षांनी माजलगावकडे झालं. डॉक्टरांना आमंत्रण नव्हतं. मी बातमी सांगितली तेव्हा त्यांनी फक्त "बरं झालं" म्हटलं आणि चष्मा पुसत राहिले.

निवृत्तीनंतर ते झपाट्याने खचले. साळवेबाईंची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांकडे मी शाळेची माहिती मागितली तर त्यांनी पत्र मागितलं. मी पत्र दिलं. मलाही आता पंख्याखाली नुसतं बसून राहावंसं वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात पठाण डॉक्टर गेले. दफनाला आलेल्या माणसांत रामकिसन दिसला, गावातली चारपाच माणसं घेऊन आलेला. मी दूर बायकांपाशी उभी होते. तो जाताना माझ्याजवळ थांबला. "पूजीला पोरगी झालीय," म्हणाला. "तिकडं गेल्यावर पयलं पानी तपासून घेतलं तिनं. सासरच्यांना म्हनली, तपासा आदी." त्याने डोळे टिपले आणि तो निघून गेला.

मागच्या महिन्यात डोंगरातल्या एका नव्या गावी मी एकटीच गेले. त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही, ते छापू द्यायचं की नाही हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. चावडीपुढे माणसं बसली होती. मी अहवाल हातात घेऊन उभी राहिले, पहिलं पान उघडलं आणि पुन्हा मिटलं. किती गावं, किती वर्षं, किती कागद, सगळं एकदम अंगावर आल्यासारखं झालं. पुढे बसलेल्या एका म्हातारीने मला खालून वर न्याहाळलं आणि शेजारी जागा केली.

"दमलात बाई तुमी," ती म्हणाली. "बसून सांगा. आमाला कुटं जायाचं न्हाई."

मी तिच्याजवळ मांडी घालून बसले आणि सांगायला लागले.