बिनड्रायव्हरची गाडी

ड्रायव्हर या माणसावर आमच्या वरच्या मजल्यावरच्या मेट्रोवाल्यांइतका जीव अख्ख्या जर्मनीत कुणाचा नसेल, आणि गृहस्थ पोट भरत होते ते ड्रायव्हरशिवाय गाड्या पळवून! शांघायच्या एका मेट्रोला आपोआप ब्रेक कसा लागेल, एवढंच त्यांचं काम. म्युनिकजवळच्या गार्चिंगला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये, त्यामुळे त्या ब्रेकबद्दल मला माझ्या रक्तदाबापेक्षा जास्त माहिती आहे. ऊ-बानमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसायचं ते कायम पहिल्या डब्यात, आणि उतरल्यावर ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन "डांके", म्हणजे थँक्यू, म्हटल्याशिवाय यांचं पाऊल हलायचं नाही. मग थंडी असो, पाऊस असो, आमची पुढची बस सुटो. एकदा एका ड्रायव्हरला वाटलं, ही तक्रार आहे; त्यानं खिडकीच लावून घेतली. मेट्रोवाले आठवडाभर खंतावले होते. माझ्या गाडीत बसले की सिग्नल येण्याआधी त्यांचा उजवा पाय खाली रुतायचा. चालवतेय मी आणि ब्रेक यांचा! शेवटी वैतागून म्हटलं, पाय वर घेऊन बसा. बसले बिचारे मांडी घालून, थेट म्युनिकपर्यंत. खंडेनवमीला तर त्यांनी ऑफिसातल्या सर्व्हरपुढे उदबत्ती लावली, फायर अलार्म वाजला आणि पाच मजल्यांची माणसं रस्त्यावर आली. साहेबानं जाब विचारला तर म्हणाले, गाडीला केबिनच नाही, मग पूजा करू कुठे?

या सगळ्याचं मूळ साताऱ्यात होतं. त्यांचे वडील, अप्पा, एसटीत ड्रायव्हर. बत्तीस वर्षं घाटात गाडी चालवलेला माणूस. लेकाला शांघायचं काम मिळालं तेव्हा त्यांनी फोनवर एवढंच विचारलं, की मग चालवणाऱ्यानं खायचं काय. त्यानंतर दोन वर्षं लेकाच्या तब्येतीची चौकशी केली, कामाची एकदाही नाही. आमच्याकडे थालीपीठ खाताना मेट्रोवाल्यांनी हे सांगितलं आणि पुढचं थालीपीठ नको म्हणाले. मला फार वाईट वाटलं, कारण थालीपिठाला नाही म्हणणारा हा माणूस नव्हे.

शांघायची गाडी धावायला लागली त्या उन्हाळ्यात अप्पा इकडे आले. मी कढी द्यायला वर गेले, तर टीव्हीवर शांघायहून आणलेला व्हिडिओ चालू होता, पहिल्या डब्याच्या पुढच्या काचेतून घेतलेला. समोर नुसते रूळ आणि बोगदा. अप्पा सोफ्याच्या टोकाला, शेजारी चिरंजीव. स्टेशन दिसलं की दोघांचेही उजवे पाय एकदम गालिच्यात रुतायचे, आणि गाडी बरोबर त्याच क्षणी हळू व्हायची. मला हसू आवरेना, म्हणून मी कढीकडे बघत राहिले. पाचव्या स्टेशनाआधी अप्पांनी पाय वर घेतला आणि सोफ्यावर नीट मांडी घातली.

"बरोबर टायमात ब्रेक लावतोस," ते म्हणाले.

मेट्रोवाले उठून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

पुढे अप्पा वारले. मेट्रोवाल्यांचीही बदली झाली, शांघायलाच. आता गार्चिंगला उतरल्यावर ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन मीच डांके म्हणते. बस अजूनही सुटते.