सदाचं कार्ड

ठाकुर्लीच्या आमच्या वाचनालयात फौजीकाका दर शनिवारी दोन कार्डं घेऊन येत. एक स्वतःचं, एक सदाचं. स्वतःच्या कार्डावर चरित्रं नेत, सदाच्या कार्डावर रहस्यकथा. नोंदवहीत आपल्या नावापुढे उजव्या हाताने सही करत आणि सदाच्या नावापुढे डाव्या हाताने, जीभ दातांत धरून. "तो डावखुरा होता," एवढंच सांगत.

सदा त्यांचा सीमेवरच्या चौकीतला जोडीदार; ती हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. चौकीत मराठी पुस्तक एकच, काकांनी सुटीवरून येताना आणलेली रहस्यकथा. त्या दिवशी पाणी आणायची पाळी काकांची होती. "शेवटची चार पानं राहिलीत, आज तू जा," ते म्हणाले. सदाने कॅन उचलला. "आल्यावर खुनी कोण ते सांग," म्हणाला आणि गेला. तोफगोळा वाटेतच पडला.

काकांना स्वतःला रहस्यकथांचा मनस्वी कंटाळा. तरी एकूण एक शेवटपर्यंत वाचत, आणि पुस्तक परत करताना माझ्या ग्रंथपालाच्या टेबलापाशी उभं राहून खुनी कोण ते मोठ्याने सांगून टाकत. त्यापायी माझ्या कितीतरी पुस्तकांची माती झाली. मी कुरकुरलो की म्हणत, "तुला नाही सांगत मी."

तेव्हा मी दिवाळी अंकांतून कथा लिहायचो. आयता विषय कोण सोडतो? काकांना न विचारताच लिहिली. माझ्या कथेत शेवटी कळतं, की जोडीदार कधी नव्हताच. युद्धाने पोखरलेल्या सैनिकाने मनातच आपला एक दुसरा उभा केलेला. संपादकांनी पाठ थोपटली, मीही फुगलो.

तो अंक काकांनी सदाच्या कार्डावर नेला. परत आणला तेव्हा शेवट सांगितला नाही. "चांगलं लिहितोस," म्हणाले. "पण तुझ्या गोष्टीत तो नसतोच. तो होता रे. माझ्या चहात मीठ टाकून हसायचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची राहूनच गेली.

यंदा होळीनंतर काका गेले. पंधरा दिवसांनी काकू दोन्ही कार्डं घेऊन आल्या. "यांचं बंद कर. सदाभाऊजींचं चालू ठेव, सांगून गेलेत."

मी कपाटातून एक रहस्यकथा काढली. सदाच्या नावापुढे डाव्या हाताने सही केली. ती फारच वाकडी आली.

काकूंनी वाकून पाहिलं. "जमेल हळूहळू," त्या म्हणाल्या. "यांनाही आधी जमत नव्हतं."