अमेरिकेहून आणलेला प्रश्न

बेलवलेकर सरांना परदेशातून आलेलं परिषदेचं निमंत्रण मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते निम्मं जळून गेलं होतं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरामागच्या अंगणात सर उकिडवे बसले होते आणि तांब्याच्या बंबात शेणकुटांखाली तो जाड, गुळगुळीत कागद सारत होते. मी तेव्हा नुकताच त्यांच्या हाताखाली तत्त्वज्ञानाचा अधिव्याख्याता म्हणून लागलो होतो. कागदावर अमेरिकेतल्या विद्यापीठाचं नाव दिसलं आणि माझा जीव खालीवर झाला. सरांनी वर बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "अमेरिकेचा कागुद भारी. रॉकेल लागत न्हाय."

सर मूळचे कागलकडचे, शेतकऱ्याचे. वर्गात त्यांचं इंग्रजी ऐकायला शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी येऊन उभी राहायची, पण तास संपवून व्हरांड्यात पाय टाकला की सरांची कागलची बोली सुरू. त्यांचा विषय फलप्रामाण्यवाद. अमेरिकेत जन्मलेलं हे तत्त्वज्ञान थोडक्यात असं सांगतं, की एखादा विचार खरा की खोटा हे तो मानल्यानं जगण्यात काय फरक पडतो यावरून ठरवावं, आणि काहीच फरक पडत नसेल तर त्यावर वाद घालत बसू नये. तरुणपणी सरांनी यावर दोन निबंध लिहिले होते. ते तिकडच्या नियतकालिकात छापून आले, आणि तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी कुठून ना कुठून निमंत्रण यायचं. सर एकदाही गेले नाहीत.

"मग? फरक काय पडला?" हा त्यांचा ठरलेला सवाल. नवा अभ्यासक्रम आला, नवे प्राचार्य आले, कुणी पीएच. डी. झालं, सर हेच विचारायचे. आमच्याच विभागातले एक गृहस्थ युरोपातल्या परिषदेला जाऊन आले आणि पुढं सहा महिने प्रत्येक वाक्य "आम्ही तिकडं असताना" असं सुरू करू लागले. परिषदेतला छातीवरचा बिल्ला त्यांनी घरी काचेच्या कपाटात ठेवला होता, लग्नातल्या चांदीच्या वाट्यांशेजारी. सर त्यांना सगळ्यांदेखत म्हणाले, "जोतिबाच्या जत्रंत गेल्यालं माणूस गुलालानं तरी माखून येतंय. तुमी कोरंच्या कोरं परत आलासा की." हेच गृहस्थ पुढं सरांच्या शोकसभेत त्यांना 'आंतरराष्ट्रीय कीर्तीचे विचारवंत' म्हणाले आणि त्यांनी डोळेही पुसले. मला तिथून उठून जावंसं वाटलं होतं.

मला मात्र त्या वयात अमेरिकेची भयंकर हौस होती. मी बौद्ध घरातला, आमच्या वस्तीतला पहिला एम. ए. सरांच्या गावापासून दोन कोसांवर माझं गाव. मला पुस्तकं पुरवली सरांनी, इंग्रजी दुरुस्त केलं सरांनी. नेमणुकीच्या वेळी समितीतल्या एकानं नाक मुरडलं, तर सरांनी त्याला माझी एम. ए.ची उत्तरपत्रिका मोठ्यानं वाचायला लावली. अशा माणसाला उलट काही विचारायचं म्हणजे मला कृतघ्नपणा वाटायचा. त्यांना प्रश्न आवडत नसत असं नाही, उलट फार आवडत. विचारायचं धाडस मलाच होत नव्हतं.

आणि प्रश्न तर होता. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षापासून तो माझ्याकडं पडून होता. सरांचं एक लाडकं उदाहरण होतं, त्यांच्या गावच्या पाण्याच्या पाळ्यांचं. ओढ्याचं पाणी कुणी कधी घ्यायचं ते ठरवायला दरवर्षी गाव मारुतीच्या देवळात बसायचं. भांडणं व्हायची, पण उठताना सगळ्यांना मान्य होईल असा निर्णय झालेला असायचा. सर वर्गात सांगायचे, की सत्य हे असंच असतं, चार माणसांनी बसून, पारखून, चालवून बघून ठरवलेलं. पोरं माना डोलवायची. मी खाली वहीत बघायचो. कारण आमच्या गावातही देवळातच बैठक व्हायची, आमच्या वस्तीचा चिंचोळा तुकडाही त्याच ओढ्याकाठी होता, आणि माझा बा देवळाबाहेर उन्हात उभा असायचा. आत ठरलेली पाळी त्याला पायरीवरून ओरडून सांगायचे. ती नेहमी शेवटची असायची.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा निमंत्रण आलं. या वेळी विमानाचं तिकीट त्यांचं, राहणंही त्यांचंच, आणि परिषद नुसत्या फलप्रामाण्यवादावर. सरांनी माझा चेहरा वाचला असावा. म्हणाले, "तुला हौस हाय न्हवं? माझा निबंध घे आणि जा तू. वाचून ये. काय दिवं लागत्यात ते तुजं तूच बग." निबंध अर्थातच पाण्याच्या पाळ्यांवर होता. तो त्यांनी पाच वेळा लिहून काढला होता, हे मला काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, जाताना दारात हळूच सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली. ती निमंत्रणं बंबात जायच्या आधी सर दोनदा वाचायचे.

कॉलेजनं मला हार घातला, पेढे वाटले, वर्तमानपत्रात फोटो आला. मी गेलो.

परिषद तीन दिवस चालली. इतकी हुशार माणसं एका छपराखाली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत, आणि इतकी निरुपयोगीही नाहीत. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला. समोर आलेला माणूस आधी बिल्ला वाचायचा आणि मग तोंडाकडं बघायचं की नाही ते ठरवायचा. माझ्या बिल्ल्यावरचं 'कोल्हापूर' वाचलं की बहुतेकांना कॉफीची आठवण व्हायची. जो तो आपला निबंध वाचायचा, दुसऱ्याचा सुरू झाला की उठून जायचा, आणि बाहेर व्हरांड्यात नोकऱ्या कुठं निघाल्यात याची चौकशी करायचा. पहिल्याच दुपारी सभागृहाची खिडकी अडकून बसली. आत उकडून जीव चालला होता. कृतीशिवाय विचाराला किंमत नाही, असं जन्मभर लिहीत आलेली चाळीसेक माणसं त्या खिडकीकडं बघत घाम पुसत राहिली. शेवटी झाडलोट करणारा माणूस आला, त्यानं चौकटीला तळव्याचा एक दणका दिला आणि खिडकी उघडली. त्याच्या छातीवर बिल्ला नव्हता.

माझी वेळ शेवटच्या दिवशी, जेवणानंतर. वीस मिनिटं मिळायची होती. आधीच्या वक्त्यानं त्यातली नऊ खाल्ली. खोलीत सात जण. एक झोपलेला, दोघे स्वतःच्या कागदांवर खुणा करत बसलेले. मी सरांचा निबंध धावत वाचला. शेवटची चार पानं तर वाचताच आली नाहीत. अध्यक्षांनी "अत्यंत रंजक" असं म्हटलं आणि कुणाला काही विचारायचंय का म्हणून खोलीभर नजर फिरवली. कुणालाही काही विचारायचं नव्हतं. मग अध्यक्षांनाच माझी दया आली असावी. त्यांनी मला विचारलं, की तुमच्याकडं लोक योगासनं सकाळी करतात की संध्याकाळी. सरांनी पाच वेळा लिहिलेल्या निबंधाला अमेरिकेनं दिलेली ही दाद.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी सरांकडं गेलो. कधी नव्हे ते सर दारात उभे होते. अंगात परीटघडीचा सदरा. काकूंनी शिरा केला होता. आता "फरक काय पडला?" येणार आणि मी खरं काय ते सांगून मोकळा होणार, असं मी वाटेत ठरवलं होतं. पण सरांनी तो सवाल केलाच नाही. शिऱ्याची बशी माझ्या हातात देत, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "कुणी काय इचारलं का रं?"

त्या माणसाचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी म्हणालो, "विचारलं की. एक म्हातारा प्रोफेसर होता, दाढीवाला." सर लगेच पुढं सरकले. काय विचारलं म्हणाले. आणि इतकी वर्षं अडकून पडलेलं माझ्या तोंडातून धडाधड बाहेर आलं. दाढीवाल्यानं विचारलं, की पाण्याचा निर्णय सगळ्यांना मान्य होता असं तुम्ही म्हणता, पण ज्यांना देवळात येऊ देत नव्हते त्यांचं काय? त्यांना कुणी विचारलं होतं? निर्णय चालला म्हणता, तो कुणासाठी चालला?

सरांनी तो प्रश्न माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतला. मग म्हणाले, "लेकाचा भारी निगाला की." आणि काकूंना हाक मारून सांगितलं, की अमेरिकेतल्या एका माणसानं मला धरलंय.

पुढची चार वर्षं त्या दाढीवाल्यानं सरांना सोडलं नाही. ते निवृत्त झाले, गुडघे धरले, पण रोज सकाळी लिहायला बसायचे. मधेच कागलला जायचे, आपल्याच गावच्या बौद्ध वस्तीत म्हाताऱ्यांजवळ तासन्‌तास बसून यायचे. मला भेटले की म्हणायचे, "तुज्या त्या दाढीवाल्यानं झोप घालवली माजी." सरांच्या जन्मभराच्या शिकवणीप्रमाणे बघायला गेलं तर माझी थाप खरी ठरत होती, फरक तर ढळढळीत पडला होता. स्वतःला मी अशी समजूत घालायचो आणि स्वतःचीच शिसारी यायची.

एका रविवारी सर माझ्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. जिना चढून दमले होते. खुर्चीत बसले, माझ्या बायकोनं दिलेलं पाणी प्यायले आणि पिशवीतून जाड लिफाफा काढला. उत्तर लिहून झालं होतं. सुरुवात त्यांनी मला इंग्रजीतून वाचून दाखवली. तिचा अर्थ असा होता: 'त्या बैठकीला मी वडिलांबरोबर जात असे. बाहेर कोण उभं आहे हे मी पाहत होतो, पण मोजत नव्हतो. ज्याला मी जन्मभर सर्वांचा निर्णय म्हणत आलो, तो बसायला जागा मिळालेल्यांचा निर्णय होता.' लिफाफ्यावर विमानाच्या टपालाची तिकिटं लावलेली होती. वरची जागा कोरी. परिषदेच्या यादीतून दाढीवाल्याचं नाव आणि पत्ता शोधून दे, म्हणाले. मी म्हणालो, तो आता निवृत्त झाला असेल. सर म्हणाले, विद्यापीठाच्या पत्त्यावर धाडू. मी म्हणालो, यादी सापडत नाही. सर म्हणाले, मी बसतो, तू शोध.

मग मला सांगावंच लागलं. दाढीवाला कुणी नव्हता. सात माणसं होती आणि एकानंही काही विचारलं नाही.

सरांचा हात लिफाफ्यावर तसाच राहिला. "म्हंजे प्रश्न कुणाचा?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "माझा."

"कवापासनं व्हता?"

"तुम्ही पाळ्यांचं उदाहरण वर्गात पहिल्यांदा दिलंत तेव्हापासून. आमच्या गावात माझा बाही असाच देवळाबाहेर उभा असायचा, सर."

आता ते चिडतील, उठून जातील, लिफाफा फाडतील असं वाटलं. यातलं काहीच झालं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. बिल्ला कपाटात ठेवणाऱ्यांकडं ते जसं बघायचे, तसंच बघितलं.

"इतकी वर्सं माज्या म्होरं बसलतास," ते म्हणाले. "हितंच इचारायचं सोडून अमेरिकेला कशाला गेलतास रं?"

त्याचं उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं.