छबुबाईनं नेमलेला मामा

छबुबाईचं तोंड असं होतं, की तिच्या शेजारी पाचटाची कोपी नको म्हणून मी मुकादमाशी भांडले होते. उपयोग झाला नाही. बहात्तरच्या दुष्काळात पाटोद्याकडची आमची टोळी एका सहकारी साखर कारखान्यावर ऊस तोडायला गेली, आणि सबंध हंगाम मी तिच्या कुडाला कुड लावून काढला. माझी भाकरी करपली की माझ्याआधी तिला वास जायचा.

पलीकडच्या कोपीत आमच्याच गावची सत्यभामा होती. पहिलटकरीण, पदरात नऊ महिन्यांची पोरगी, आणि पोरीचं उष्टावण अजून व्हायचं होतं. आमच्याकडं पहिला घास मामानं भरवायचा. मामा, म्हणजे सत्यभामाचा भाऊ धर्मराज, दुसऱ्याच कारखान्यावर गेलेला. तो येईपर्यंत पोरीला अन्न लावायचं नाही, अशी सासूची ताकीद होती. भाऊही मोठा मानापानाचा. त्याला डावललं तर माहेर तुटेल, या धाकानं सत्यभामा पोरीला नुसत्या अंगावरच्या दुधावर ठेवत होती. दिवसभर ऊस तोडून दूध ते किती येणार? पोरगी रडली की ती उसाचा रस पाजायची. रस म्हणजे काही अन्न नव्हे, त्यानं उष्टावण मोडत नाही, असा तळावरच्या सगळ्यांचाच समज. पोरगी हगवणीनं वाळत चालली.

छबुबाईच्या हे लक्षात आलं आणि तिनं सत्यभामाचा उद्धार केला. रसानं पोट बिघडतं, नुसत्या दुधावर आता भागत नाही, लेकरू आपल्या घासाकडं बघून तोंड हलवायला लागलं की त्याला घास द्यायचा, हे तिनं अख्ख्या तळाला ऐकवलं. मग मुगाची डाळ आणि ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून बोटांनी घोटल्या. पातळ पाण्यानं पोट फुगतं, भरत नाही, म्हणून बोटावर टिकेल इतपत घट्ट ठेवल्या. सत्यभामा मात्र वाटीला हात लावेना. मामा नाही, एवढंच म्हणत ती रडत बसली.

तेवढ्यात उसाच्या गाड्या कशाला थांबल्या म्हणून शिव्या घालत त्रिंबक मुकादम आला. त्याच्या आवाजानं बैलसुद्धा बिचकायचे. छबुबाईनं सत्यभामाच्या पदराची चिंधी फाडली, तिच्या हातात दिली आणि मुकादमाच्या मनगटाला बांधायला लावली.

"आता तू हिचा भाऊ हायस. बस खाली, भाचीला घास भरव."

मुकादम बसला. त्यानं राकट बोटांनी इवलासा घास उचलला आणि पोरीनं तो बोटासकट चोखला. मला हसूही आलं आणि रडूही. त्यानंतर हंगामभर मुकादमाची फार पंचाईत झाली, कारण बहिणीदेखत शिवी देता येईना. पोरगी हळूहळू दुधात कुस्करलेला भाकरीचा पापुद्रा खाऊ लागली आणि तिनं अंग धरलं.

हंगाम संपून आम्ही गावी परतलो. धर्मराज चांदीची वाटी घेऊन बहिणीकडं आला, आणि उष्टावण झाल्याचं कळताच दारातूनच परत फिरला. छबुबाई तिथंच ओसरीवर माझ्याजवळ बसली होती. आवाज न चढवता बोलताना मी तिला तेवढंच एकदा ऐकलं.

"माझाबी भाऊ वाटी घिऊन आलता. आमी लेकराला उपाशी ठिवून त्याचीच वाट बघत बसलो. वाटी अजून हाय माझ्याकडं."

धर्मराज मागं वळला. मग त्यानं चपला काढल्या, आत आला, आणि भाचीला मांडीवर घेऊन त्या वाटीत भाकरी कुस्करू लागला.