खडूने आखलेली गाडी

"आधी मानूस बसू द्या, मंग गाडी बघू."

चौक गावात जुन्या हायवेवर वेल्डिंगचं दुकान असलेला हा माणूस प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच म्हणायचा आणि पायानेच प्लॅस्टिकची खुर्ची पुढे सरकवायचा. ट्रकवाला कितीही कावलेला असो, तो टेकेपर्यंत हा हत्याराला हात लावत नसे. असा एखादा तुमच्याही नाक्यावर असेल. समोरच माझं हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे मला हा खेळ रोज फुकटात बघायला मिळे.

त्याच्या बायकोची, म्हणजे वहिनींची, उजवी बाजू लकव्याने गेली. बोलणं शाबूत राहिलं, पण इतकं हळू की कान तोंडाशी न्यावा लागे. त्यांचं माहेर माथेरानच्या डोंगरातल्या एका वाडीवर. तिथे रस्ता नाही, नुसती पायवाट. म्हाताऱ्या आईला खाली उतरवत नव्हतं आणि वहिनींना वर चढवत नव्हतं. भाऊ झोळी घेऊन न्यायला आले, तर वहिनींनी मान फिरवली. त्या वाडीतलं आजारी माणूस झोळीतून खाली दवाखान्यात जातं. झोळीतून वर येतं ते मेलेलंच.

"जिती हाय तवर मी झोळीतनं वर जानार नाय," त्या म्हणाल्या.

"मंग गाडी करू," हा म्हणाला.

जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सांधल्या, स्वतःची ही पहिलीच. भंगारातल्या रिक्षाचं इंजिन मागे, पाइपचा सांगाडा, जाड चाकं, असा बेत. दुकानाच्या कोब्यावर त्याने खडूने खऱ्या मापाची गाडी आखली. सुरुवात अर्थात सीटपासून. दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडल्या, डावीकडे वहिनींना बसवलं, उजवीकडे स्वतः बसला आणि हवेतच स्टिअरिंग फिरवत विचारलं, "धक्का लागतो का गं?" वहिनी हसल्या. आजारपणानंतर मी त्यांना हसताना पाहिलं ते तेव्हाच.

मग त्याने गाडीच्या रुंदीचा बांबू तोडला आणि छातीशी आडवा धरून पायवाट चढला. बघणाऱ्यांना वाटलं, याचं डोकं फिरलं. जवळजवळ प्रत्येक वळणावर बांबू कातळाला अडला. मी शहाणपणा शिकवला, "अरे बाबा, सीट एकामागे एक कर. गाडी आपोआप अरुंद होईल."

"शेठ, ती मागं बसली तर तिचं बोलनं मला ऐकू येल का? आनि तिची उजवी बाजू कोन सांभाळनार? त्या अंगाला मीच पायजे."

झालं. गाडी अरुंद व्हायची नाही, म्हणून डोंगर फोडायचा. मी त्याची भरपूर टिंगल केली, पण तो आपला जेवण झालं की शटर ओढून, खांद्यावर पहार टाकून निघायचा. धंदा बसत चालला. त्याच्यासाठी मी चांगले पाइप बाजूला काढून ठेवले होते. ते घेऊन जा म्हटलं की म्हणायचा, "वळनं होऊ द्या." इकडे कोब्यावरच्या रेघा पुसट झाल्या की तो पुन्हा गिरवायचा, आणि गिऱ्हाइकं त्यांवर पाय पडू नये म्हणून भिंतीकडेने चालायची.

शेवटचं वळण फोडून झालं त्या दुपारी तो दम खायला तिथेच बसला आणि बसल्या जागी गेला. मेव्हण्यांनी त्याला झोळीतून खाली आणलं. ती झोळी आमच्या नाक्यावर आली तेव्हा मी रडलो, आणि आजही त्या दुकानाकडे बघवत नाही.

वहिनींना एकटीने राहणं शक्य नव्हतं. तेरावं झालं आणि भाऊ पुन्हा तीच झोळी घेऊन आले. या वेळी त्यांनी मान फिरवली नाही. कोब्यावरच्या गाडीकडे थोडा वेळ बघितलं आणि झोळीत बसल्या. मीही सोबत निघालो.

सुरुवातीची वाट एकामागे एक चालण्याइतकीच होती. पहिलं फोडलेलं वळण आलं, तशी मोकळी जागा बघून धाकटा भाऊ आधाराला झोळीच्या उजव्या बाजूने चालू लागला. वहिनींनी डावा हात हलवला. झोळी थांबली. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"त्याला म्हनावं, डावीकडनं चाल. हितं ह्यांची जागा हाय."

मी ते मोठ्याने सांगितलं. भाऊ डाव्या बाजूला आला, आणि वाडी येईपर्यंत प्रत्येक वळणावर आम्ही उजवी बाजू मोकळी ठेवली.