आमची बोअरवाली

लग्न ठरवताना मला सांगितलं होतं, मुलगी पाण्याच्या कामात आहे. मी म्हटलं, वा, निदान नळाला पाणी तरी वेळेवर येईल. कसलं काय! माझी बायको विष शोधत फिरते. बंद पडलेले कारखाने, जुने पेट्रोल पंप, जिथे जिथे जमिनीत नको ते मुरलंय तिथे ही मशीन घेऊन जाते, भोक पाडते, तळाशी बारीक चिरा असलेला पाइप त्यात सोडते, भोवती रेती भरते, वर चिकणमाती ठासते आणि झाकणाला कुलूप घालते. मग वर्षानुवर्षं त्यातलं पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवते. ऑफिसात तिला बोअरवाली म्हणतात. घरात मीही म्हणतो, पण ती आंघोळीला गेल्यावर.

नमुना घ्यायच्या दिवशी आमच्याकडे कर्फ्यू असतो. सेंट नाही, डासांचं औषध नाही, गाडीत पेट्रोल आदल्या दिवशीच भरून ठेवायचं. का, तर त्या वासातलं काही बाटलीत शिरलं की बिचारं पाणी गुन्हा न करता फासावर जातं. एकदा मी दाढी करून, लोशन चोपडून तिला टाटा करायला गेलो, तर बाईनं सरळ काच वर केली. "नवरा आहेस की फिनेलची बाटली?"

कामात मात्र भयंकर चिवट. पाइपमधलं शिळं पाणी आधी सावकाश उपसायचं, मीटरवरचे आकडे हलायचे थांबेपर्यंत. मग बोटाएवढी बाटली काठोकाठ भरायची, उलटी करून टिचकी मारायची, आणि आत एक बुडबुडा दिसला की ओतून परत पहिल्यापासून, कारण पाण्यातलं विष उडून त्या हवेत जातं. एकदा हौसेनं तिच्याबरोबर गेलो होतो. पोटात कावळे ओरडायला लागले तरी मीटर आपला हलतोच आहे. मी म्हटलं, "भर की आता, कोण बघतंय?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप गाडीत जाऊन बसलो.

आणि अशा बाईच्या वाट्याला आलं काय, तर माहेर! सासूबाईंच्या परसाच्या भिंतीपलीकडे कपडे ड्रायक्लीन करायचा एक मोठा कारखाना होता. तो कधीच बंद पडला, पण धुलाईचं औषध जमिनीत मुरलेलं. कारखान्याच्या मधोमध घेतलेले बोअर खराब निघाले. भिंतीच्या दिशेनं पुढचेही खराब निघाले. शेवटचा बोअर हिनं भिंतीला अगदी चिकटून घेतला, कारण भिंतीच्या अलीकडे सासूबाईंची विहीर. घरात नळ आहे, पण सासूबाईंच्या मते नळाचं पाणी मेलेलं असतं. आमची लेक दर सुट्टीत आजीकडे राहायची आणि विहिरीचंच पाणी प्यायची. ते औषध भिंतीपर्यंत पोचलंय का, या एका प्रश्नानं आमची झोप उडाली होती. साहेब म्हणाले, तिथे दुसऱ्या कुणाला पाठवतो. ही म्हणाली, "दुसरा बुडबुडा सोडेल."

रिपोर्ट आला. बोअर खराब. पण गंमत म्हणजे कोरी बाटलीही खराब! कोरी बाटली म्हणजे प्रयोगशाळेतून शुद्ध पाणी भरून, सील करून आलेली. ती न उघडता नमुन्यांबरोबर हिंडते आणि तशीच परत जाते. तिच्यातच औषध सापडलं म्हणजे घाण गाडीतली. सगळे नमुने रद्द.

बायकोनं गाडीचे मॅट काढून हुंगले, सीटखाली नाक घातलं. काही मिळेना. मग घरात येऊन तिनं माझं कपाट उघडलं.

"हा कोट कुणाचा?"

"तुझ्या बाबांचा," मी म्हणालो. "आईंनी ड्रायक्लीन करून मला दिलाय. त्या दिवशी कामाआधी तू त्यांच्याकडे चहाला थांबलीस ना, तेव्हा गाडीच्या डिकीत ठेवला, रात्री मी काढून घेतला. तुला सांगू नका म्हणाल्या फोनवर, गंमत."

मला काय कळतंय! सासरहून आयुष्यात पहिल्यांदा काही मिळालं म्हणून मी आपला खूश.

आम्ही तडक सासूबाईंकडे गेलो. त्या भाजी निवडत बसल्या होत्या.

"आई, कोट मुद्दाम ठेवलास?"

"हो. ड्रायक्लीनचा वास चालत नाही, हे तूच मला सतरा वेळा सांगितलंयस."

म्हणजे जावयाचा लळा वगैरे सगळं झूट! मी तोंड उघडणार होतो, पण बायको आधीच भडकली होती.

"अगं, एका विहिरीसाठी?"

"खड्ड्यात गेली विहीर!" सासूबाईंचा आवाज चिरकला. "पोर खेळून आली की मी तिला तेच पाणी पाजलंय. नळाचं पिऊ नको म्हणून ओरडलेय तिच्यावर. आणि आता तू येऊन सांगणार, आजीनं नातीला विष पाजलं. मला नाही ऐकायचं."

बायको खाली बसली आणि समोरची भाजी निवडायला लागली.

"मलाही नाही ऐकायचं गं," ती म्हणाली. "पण मोजलं नाही तर रोज मनात तेच ऐकू येत राहील."

नमुने पुन्हा घ्यायचे ठरले. या वेळी बोअरचा आणि विहिरीचाही. त्या दिवशी सासूबाई साबण न लावता आंघोळ करून परसात खुर्ची टाकून बसल्या. बोअरचं काम नीट झालं. विहिरीच्या पाण्याला मात्र बायकोचे हात थरथरायला लागले. बाटलीत बुडबुडा. ओतली. पुन्हा बुडबुडा. सासूबाई उठून तिचं मनगट धरायला गेल्या, तर ही खेकसली, "आधी हातमोजे घाल!" त्यांनी मुकाट्यानं घातले. दोघींनी मिळून बाटली भरली.

रिपोर्ट आला, तेव्हा सुट्टी लागली होती आणि आम्ही सगळे सासूबाईंकडेच होतो. कोरी बाटली स्वच्छ. भिंतीजवळचा बोअर खराब. विहिरीतही औषध होतं. थोडं होतं, पण होतं.

सासूबाईंनी एकच विचारलं, "कधीपासून?"

"ते पाणी सांगत नाही, आई."

मी विहिरीवर पत्रा टाकला. बायकोनं फोन करून लेकीसाठी डॉक्टरांची वेळ घेतली. तेवढ्यात लेक धापा टाकत बाहेरून आली.

"आजी, पाणी!"

सासूबाई सवयीनं उठल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. बायको आत गेली, नळाखाली पेला भरून घेऊन आली आणि तो तिनं आईच्या हातात दिला.

"तू दे तिला," ती म्हणाली.