कुंपणाबाहेरची सावली

मस्तगडातल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही जालन्याच्या बाहेरच्या अंगाला नव्या कॉलनीत राहायला आलो, तेव्हा तिथं सावली म्हणून नव्हतीच. मुरमाड माळ, चुन्यानं आखलेले प्लॉट आणि मधोमध कायद्यानं मोकळी सोडलेली जागा. तिला सगळे ‘ओपन स्पेस’ म्हणायचे. तिच्यात वेडी बाभूळ माजलेली, कडेला बांधकामाचा राडारोडा. उन्हाळ्यात स्लॅब तापला की संध्याकाळी भिंतीला पाठ टेकवत नसे. मी घनसावंगीकडची, उसाच्या, पाटपाण्याच्या मुलखातली. मला ते सोसेना.

ओपन स्पेसच्या उगवतीला पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. लोखंडाच्या कारखान्यांत कामाला जाणारी माणसं तिथं राहायची. त्यातल्याच एका खोलीतली एक म्हातारी रोज बकऱ्या घेऊन बाभळीच्या शेंगांना यायची. तिला सगळे खाला म्हणायचे, मीही म्हणू लागले. ती मला भाभी म्हणायची.

झाडं लावायचं माझ्याच डोक्यात आलं. नगरपालिकेकडून कडुनिंबाची, करंजाची, शिरीषाची रोपं मिळाली. नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी यायचं, म्हणून आम्ही चार-पाच बायका धुण्याभांड्यांचं पाणी बादलीत साठवायचो आणि संध्याकाळी रोपांना घालायचो. पंधरवड्यात बकऱ्यांनी निम्मी रोपं बुडापासून खाल्ली.

मी तरातरा खालाकडं गेले. “खाला, बकऱ्या सांभाळायच्या ना जरा! किती मेहनत केलीय आम्ही.”

ती ओशाळली. म्हणाली, “भाभी, झाडां लगाव, अच्छी बात है. मगर बकऱ्यांनं जायाचं कुठं? सगळीकडं तुमचे प्लॉटच प्लॉट होऊन राह्यले.”

मी तशीच परत आले. त्या आठवड्यात कॉलनीच्या बैठकीत शेजारच्या काकांनी काटेरी तारेचं कुंपण सुचवलं आणि सगळ्यात आधी मान मी हलवली. बाभळी तोडल्या, तार ओढली, लोखंडी फाटक बसलं. फाटकाला कुलूप. झाडांचं सगळं मीच बघते म्हणून किल्ली माझ्या घरी.

खालानं एक-एक करत बकऱ्या विकल्या. शेवटी एक शेळी तेवढी उरली. कडुनिंब छाटला की मी पाला बाजूला काढून तारेवरून तिच्याकडं द्यायचे. ती दुवा द्यायची. मला ती दुवा नको वाटायची. घरी येऊन मी उगाच कुणावर तरी चिडायचे.

झाडं मात्र लागली. कडुनिंबानं दहा-बारा वर्षांत घराएवढी उंची गाठली. शिरीषाची सावली अशी पसरली, की भर मे महिन्यात खाली उभं राहिलं तर अंगाला गारवा जाणवायचा. रस्त्यावरून आत पाऊल टाकलं की फरक कळायचा. नगरपालिकेचा एक साहेब बघायला आला, म्हणाला, “गावात अशा दहा जागा झाल्या तर जालना तापायचा न्हाई.” सगळ्यांनी माझं कौतुक केलं. माझं लक्ष मात्र पलीकडच्या पत्र्यांकडं होतं. ते आता जास्तच चमकत होते.

मग दोन हजारनंतरचा एक फार वाईट उन्हाळा आला. पाऊस आधीच्या वर्षी दगा देऊन गेल्ता. दुपारभर लाइट नसायची. दुपार कलली की आमच्या झाडांची सावली तार ओलांडून पलीकडच्या बोळात पडायची, तेवढ्या पट्ट्यात पत्र्याच्या खोल्यांतल्या बाया येऊन बसायच्या. सावली सरकेल तशा सरकायच्या. आत सिमेंटची बाकं रिकामी असायची, कारण आमची माणसं संध्याकाळशिवाय बाहेर पडत नसत.

एकदा मी बैठकीत विषय काढला. “दुपारचं फाटक उघडं ठेवू या का? बसतील बिचाऱ्या.”

“वहिनी, एकदा उघडलं की मंग बंद होत न्हाई,” काका म्हणाले. “घाण करतील, फांद्या मोडतील. तुम्हीच रडाल.”

मी विषय पुढं रेटला नाही. खरं सांगायचं तर फांद्यांची भीती मलाही होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खाला सुनेला घेऊन तारेला टेकून बसली होती. सुनेला आठवा महिना. मी थंड पाण्याचा तांब्या घेऊन गेले, तारेतून हात घालून दिला. सून दोन घोट प्यायली आणि तिथंच कलंडली. अंग तव्यासारखं तापलेलं.

“भाभी, जल्दी!” खाला ओरडली.

मी किल्ली आणायला घरी पळाले. येऊन कुलूप उघडलं. दोघींनी तिला उचलून शिरीषाखाली बाकावर निजवलं, तिचीच ओढणी ओली करून अंगावर टाकली. रिक्षा मिळेपर्यंत ती तिथं होती. पुढं सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, वेळेवर आणलं. ती वाचली, पोटातलं बाळही वाचलं. खाला माझे हात धरून रडली, “तुम्ही होता म्हणून...” मला तिच्या हातांतून हात सोडवून घ्यावेसे वाटले.

त्या दिवसापासून मी फाटकाला कुलूप लावलं नाही. काकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, “किल्ली सापडत न्हाई.” ते काही खोटं नव्हतं, ती मीच पलीकडच्या नाल्यात टाकली होती. काका पुढं बरेच महिने माझ्याशी बोलले नाहीत. ते म्हणाले तसं थोडं झालंही. करंजाच्या फांद्या मोडल्या, कागद पडले, एक बाक तुटलं. कॉलनीतल्या काही जणींनी फिरायला येणं सोडलं. मी सकाळी खराटा घेऊन झाडायचे. पुढं पुढं खालाची सूनही बाळाला कडेवर घेऊन झाडायला लागली.

खाला रोज दुपारी यायची. पण कधी मधल्या बाकापर्यंत आली नाही. फाटकाच्या आत दोन पावलांवर, तारेच्या कडेला, जमिनीवरच बसायची. आणि मी दिसले की दर वेळी विचारायची, “भाभी, बैठूं क्या?”

“बसा ना, खाला,” मी म्हणायचे.

कायद्यानं मोकळी सोडलेली जागा, नगरपालिकेनं दिलेली झाडं, आणि परवानगी देणारी मी. ती वारली त्या वर्षापर्यंत तिनं विचारायचं सोडलं नाही, आणि विचारू नका असं म्हणायला माझी जीभ कधी रेटली नाही.